आरोग्य-शंका : तपासणीच्या टेबलावर झोपण्याआधी

प्रश्न : मी शिरोलीच्या फाउंड्रीत ग्राइंडिंगला आहे. कंबरदुखीसाठी एमआरआय सांगितलाय. सेंटरच्या फॉर्मवर ‘डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का’ असं विचारलंय. सात वर्षांपूर्वी गेला होता, दवाखान्यात काढला. आता काहीच त्रास नाही. तरी लिहायचं का?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : हो, लिहाच. तुमच्या कामाचा विचार करता त्या फॉर्मवर याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून अनेकजण त्याला अगदी निर्धोक समजतात. पण त्याची ताकद आणि धोका दोन्ही चुंबकात आहे. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) नेहमीच्या यंत्रातलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असतं, आणि स्कॅन संपला म्हणून ते बंद होत नाही. रात्री कुलूप लावून सगळे घरी गेले तरी ते चालूच असतं.

बुबुळावर चिकटलेला कण डॉक्टर काढतात तेव्हा तो विषय संपतो. काळजी असते ती आत घुसलेल्या कणाची. बिडाचा किंवा पोलादाचा बारीक तुकडा कधीकधी काही न जाणवू देता डोळ्यात पडून राहतो आणि चुंबकाजवळ गेल्यावर हलतो. अशाच एका रुग्णाला एमआरआयनंतर डोळ्यात रक्तस्राव होऊन त्या डोळ्याची दृष्टी गेल्याची नोंद 1986 साली वैद्यकीय नियतकालिकात आली. तेव्हापासून हा प्रश्न फॉर्मवर पक्का झाला.

उपाय सोपा आहे. टेक्निशियनला सांगितलंत की रेडिओलॉजिस्ट आधी डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढून घेतात. नजर वर आणि नजर खाली, असे दोन फोटो. काम पाच-दहा मिनिटांचं. त्यात कण दिसला नाही तर बहुधा त्याच दिवशी एमआरआय होतो. अलीकडे डोक्याचा सीटी स्कॅन झाला असेल तर त्याच्या फिल्म सोबत न्या, वेगळा एक्स-रे कदाचित लागणारही नाही. कोल्हापूरजवळच्या उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फेटलिंग (ओतकाम साफ करणं), ग्राइंडिंग, वेल्डिंगच्या प्रत्येकाला हे लागू आहे, ‘तेव्हा गॉगल लावला होता’ म्हणणाऱ्यालाही.

पेसमेकर, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप, यांतलं काही असेल तर त्याचं कार्ड दाखवल्याशिवाय आत जाऊ नका. हृदयातले स्टेंट बहुतेक चालतात, तरी तेही सांगा. आत झोपल्यावर हाताचे तळवे एकमेकांत गुंफू नका, उघड्या मांड्या एकमेकींना टेकू देऊ नका. त्वचा त्वचेला टेकली की विद्युत प्रवाहाचं वर्तुळ तयार होऊन भाजू शकतं. आवाज मोठा असतो, कानात बोळे मागून घ्या.

सोबत येणाऱ्यांनीही ऐकावं. 2018 च्या जानेवारीत मुंबईत एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकानं सिलिंडर खेचला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. पदराची सेफ्टी पिन, केसातल्या पिना, खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवा. साज, मंगळसूत्र, जोडवी घरीच काढून जावं. सोनं ओढलं जात नाही, पण फासा आणि तार कशाची आहे हे कोण सांगणार? शिवाय दागिन्यांमुळे प्रतिमा बिघडते.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा कट्ट्यावरून पडला, डोक्याला टेंगूळ आलं. शेजारी म्हणतात, सीटी स्कॅन करून टाका, मनाला शांती. करावा का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मनाच्या शांतीसाठी नको. मूल शुद्धीत आहे, नेहमीसारखं बोलतंय-खेळतंय, बेशुद्ध झालेलं नाही, उलटी नाही, डोकं असह्य दुखत नाही, पडण्याची उंची पाच फुटांपेक्षा कमी आणि नाकाकानातून पाणी किंवा रक्त नाही, तर डॉक्टरांनी तपासल्यावर सहसा स्कॅनची गरज नसते. यातलं एकही उलट असेल तर मात्र लगेच दवाखान्यात न्या. तिथे सीटी सुचवला तर घाबरून नकार देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांचे निकष वेगळे आणि कडक आहेत. तीन फुटांवरून पडलं तरी दाखवावं.

डोक्याच्या सीटीचा डोस साधारण 2 मिलीसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या डोसाचं एकक), म्हणजे जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलीसिव्हर्ट मिळतात त्याच्या जवळपास. धोका लहान आहे, पण मुलांच्या पेशी किरणोत्सर्गाला जास्त संवेदनशील असतात आणि पुढचं आयुष्य मोठं. म्हणून ‘मुलांचा डोस लावलाय ना?’ हे विचारायला संकोच नको. कवटीचा एक्स-रे याला पर्याय नाही. त्यात हाड दिसतं, आतला रक्तस्राव दिसत नाही.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. पोटाचा सीटी ‘डाय’ (आतलं नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन करायचाय. कोळंबी खाल्ली की तिला खाज सुटते. डाय चालेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, डायमध्ये असतं त्या आयोडीनची नाही. त्यावरून डाय नाकारू नका. आधी डाय घेतल्यावर कधी गांधी उठल्या, श्वास लागला, तर ते मात्र ठळक सांगा. दम्याचा त्रास असेल तर तोही.

मूत्रपिंड बघणं महत्त्वाचं. ताजा क्रिएटिनिनचा (रक्ताची तपासणी) रिपोर्ट न्या, त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा, काढतात. तो 30 च्या खाली असेल तर डाय द्यायचा का हे डॉक्टर पुन्हा ठरवतात; दिलाच तर मेटफॉर्मिन 48 तास थांबवून मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा करतात. बऱ्या आकड्यावर गोळी सहसा थांबवत नाहीत, पण हृदय किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मनानं बंद करू नका, साखर वाढेल.

डाय जाताना अंगभर ऊब, तोंडात धातूची चव, लघवी झाल्यासारखं वाटणं हे नेहमीचं आहे, मिनिटभरात जातं. सुई टोचलेली जागा फुगून दुखू लागली तर हात हलवून लगेच सांगायचं, कारण डाय शिरेबाहेर जातोय. स्कॅननंतर अर्धा तास तिथेच बसवा.

प्रश्न : गरोदरपणात सोनोग्राफीची किरणं बाळाला लागतात का? आणि ओळखपत्र कशाला मागतात?
– एक वाचक, कागल

उत्तर : सोनोग्राफीत किरण नाहीत, ध्वनिलहरी असतात. ओळखपत्र आणि फॉर्म ‘एफ’ हे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे, सेंटरच्या मर्जीनं नव्हे. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून तपासणी असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून जा. भरलेली पिशवी गर्भाशय नीट दिसायला खिडकीचं काम करते.