तालिबानच्या पहिल्या वर्षात काबूलच्या साध्या घरांत काय बदललं? आणि लोकांनी विरोध का केला नाही?

विरोध केला नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? हेच वाक्य २०२१ च्या गणपतीत मी आमच्याच घरात ऐकलं आणि गप्प बसले. ते अजून सलतं, म्हणून लिहितेय.

आमच्या वरच्या खोलीत काबूलची एक मुलगी राहायची. पुण्यात अफगाण विद्यार्थी काही नवे नाहीत. एम.ए.ला होती, अर्थशास्त्र. मला काकू म्हणायची. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, "महिन्याभरात येते" म्हणून घरी गेली. पुस्तकांची ट्रंक आणि कुकर इथेच ठेवून. १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरले. २५ ऑगस्टला, भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द झाले आणि ई-व्हिसा सक्तीचा झाला. तिनं अर्ज केला. उत्तर आलं नाही. ट्रंक अजून माळ्यावर आहे.

चतुर्थी त्या वर्षी १० सप्टेंबरला होती. आरती झाली, पानं वाढली, टीव्हीवरच्या बातम्यांवरून विषय निघाला आणि आमचे थोरले भाऊजी म्हणाले, "लढलीच नाहीत ती माणसं. आयता देश ताटात वाढला. आणि त्यांच्या बायकांना तरी कुठे शिकायचंय?" त्याच्या तीनच दिवस आधी काबूलच्या रस्त्यांवर शेकडो माणसं उतरली होती, पुढे बायका. तालिबाननं हवेत गोळ्या झाडून त्यांना पांगवलं. दुसऱ्या दिवशी मोर्चाच्या बातमीसाठी गेलेल्या दोन पत्रकारांना कोठडीत इतकं मारलं, की त्यांच्या पाठीवरचे वळ जगभर छापून आले. मग परवानगीशिवाय मोर्चाच बंद. आमच्याकडे राहिलेल्या त्या मुलीची मामेबहीण त्या मोर्चात होती. मला हे सगळं ठाऊक होतं. पण थोरल्या दिरांना चारचौघांत उलट बोलायचं नाही, म्हणून मी निरांजनाची वात सारत राहिले.

आणि लढले नाहीत म्हणे! युद्धाच्या वीस वर्षांत सुमारे ६६ हजार अफगाण सैनिक आणि पोलीस मेले. अमेरिकी सैन्य माघारी नेण्याचा २९ फेब्रुवारी २०२० चा दोह्याचा (कतारमधला) करार अमेरिका आणि तालिबान यांच्यात झाला, काबूलच्या सरकारला त्यात जागाच नव्हती. राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी १५ ऑगस्टलाच देश सोडून गेले. मागे राहिलेल्या शिपायानं कोणासाठी मरायचं होतं?

आता घरांचं. पहिला फटका पैशाचा बसला. देशाची गंगाजळी परदेशांत, त्यातले सात अब्ज डॉलर अमेरिकेत, आणि ती गोठवली. बँकेतून आठवड्याला २०० डॉलर किंवा २० हजार अफगाणी एवढेच काढायचे, त्यासाठी पहाटेपासून रांग. आमच्या त्या भाडेकरू मुलीचे वडील सरकारी शाळेत मास्तर. कित्येक महिने पगार नाही. घरोघरचे गालिचे, फ्रिज, भांडी रस्त्यावर विकायला आली. यांचा गालिचाही गेला, आईच्या लग्नातला. महिला मंत्रालयाच्या इमारतीवर सदाचार खात्याची पाटी लागली. डिसेंबरात फर्मान निघालं, की ७२ किलोमीटरपलीकडे बाईनं घरच्या पुरुषाशिवाय प्रवास करायचा नाही. मे २०२२ मध्ये चेहरा झाकायचं.

पण मला सांगायचाय तो २३ मार्च २०२२ चा दिवस. आदल्या सप्टेंबरात सातवीपासूनचे वर्ग फक्त मुलांसाठी उघडले होते. नवरोज, म्हणजे त्यांचं नववर्ष, झाल्यावर मुलींचेही उघडणार, असं जाहीर झालं. हिची धाकटी बहीण नववीत. सकाळी मी पोळ्या लाटत होते, तेव्हा फोटो आला: काळा युनिफॉर्म, पांढरा रुमाल, दप्तर घट्ट धरलेलं. आदल्या रात्री तिनं रुमालाला तीनदा इस्त्री केली होती म्हणे. मी पिठाच्याच हातानं "शाब्बास" लिहिलं. दुपारच्या आत हिचा फोन. "काकू, वापस भेज दिया." वर्गात बसल्यावर सांगितलं, घरी जा, पोशाखाचा निर्णय व्हायचाय. मागून ती बहीण रडत होती. तिला शब्दानं समजवावं, तर मला त्यांची दरी भाषा येत नाही. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. परीक्षेच्या भीतीनं रडणारी पोरं ढिगानं पाहिली, शाळेत बसू दिलं नाही म्हणून असं रडणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या बायकांना शिकायचं नसतं म्हणे.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी त्या धाकटीला गणित शिकवते. वहीच्या पानाचा फोटो येतो, मी हिंदीत बोलून पाठवते, मोठी तिला दरीत सांगते. वीज आणि नेट असेल तसं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बायकांना बंद झाली, तेव्हा मला वाटलं आता ही सोडेल. सोडलं नाही.

एक सांगायचं राहिलं. माझं सगळं ऐकलेलं काबूलमधल्या एका शिकलेल्या घराचं आहे. दक्षिणेला हेलमंद-कंदहारकडच्या खेड्यांनी वीस वर्षं बाँब आणि रात्रीच्या धाडी सोसल्या. तिथे लढाई थांबली याचंच अनेकांना मोठं हायसं वाटलं. तेही खरं आहे आणि तेही मोजा.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल, तर आधी तारखांची यादी करा: कोणता हुकूम कधी निघाला आणि त्याविरुद्ध कोण, कुठे रस्त्यावर आलं. दुसरा रकाना रिकामा राहणार नाही. आणि एखाद्या अफगाण माणसाला भेटलात, तर "लढला का नाहीत" असं विचारू नका. घरी कोण कोण आहे, ते विचारा.

हे उत्तर आमच्या घरच्या ग्रुपवर टाकतेय. भाऊजी, तुम्ही वाचाल. राग मानू नका, पण त्या दिवशी तुम्ही चूक बोललात.