फ्लेशमन आणि व्हॅलेरिओ या काचबेडकांत फरक काय? आणि दोघांपैकी जास्त धोका कोणाला?

प्रश्नाखाली तुम्ही 'दिसायला दोन्ही सारखेच' असं लिहिलंय, नेमकी तिथेच माझी नस दुखली. हेच वाक्य माझ्या धाकट्या दिरांनी २०१९च्या जूनमध्ये कोस्टा रिकात, भर पावसात, कपाळावर टॉर्च बांधून मला ऐकवलं होतं.

चार दिवस आधी माँटेव्हर्डेला आम्ही फ्लेशमन पाहिला होता. फिकट हिरवा, अंगावर पुसट पिवळसर ठिपके, आणि पोटाची कातडी सगळ्या काचबेडकांसारखी पारदर्शक. मग ओसा द्वीपकल्पात, ड्रेक बेजवळच्या एका ओढ्यावर वाटाड्याने एका पानाची खालची बाजू दाखवली. अंड्यांचे तीन पुंजके आणि त्यांना खेटून बसलेला, बोटाच्या पेराएवढा व्हॅलेरिओ नर. याचे पिवळे ठिपके मोठे, गोल, भोवती हिरवी जाळी. त्यामुळे बेडूक कुठला नि अंडी कुठली, पटकन कळतच नाही. हा बाप दिवसाही अंड्यांपाशीच असतो, कारण अंडी खाणाऱ्या गांधीलमाश्या दिवसा फिरतात. फ्लेशमनचा बाप मुख्यतः रात्रपाळीवाला. अंडी ओली ठेवायची आणि उजाडलं की जवळपास दडून झोपायचं. मी हे सगळं उत्साहाने सांगतेय, तोवर भाऊजींनी चार फ्लॅश मारले आणि म्हणाले, "वहिनी, दोन्ही सारखेच. हिरवे नि पारदर्शक."

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. थँक्सगिव्हिंगला ह्यूस्टनला त्यांच्या घरी गेलो, तर दिवाणखान्यात काचेची पेटी आणि पेटीत काचबेडूक! कुठल्याशा प्रदर्शनातून 'फ्लेशमन' म्हणून आणलेला. "काचेचाच तर आहे, काचेत ठेवला तर काय बिघडलं?" हा वर विनोद. बेडूक काचेला चिकटला तेव्हा मी वाकून पोटाकडून पाहिलं. लाल हृदय धडधडताना स्वच्छ दिसत होतं. कोस्टा रिकातल्या फ्लेशमनच्या हृदयावर पांढरं आवरण असतं, ते असं उघडं दिसत नाही. पाठीवर जाळी तर होतीच. म्हणजे विकणाऱ्यालाही आपण काय विकतोय याचा पत्ता नव्हता. तीन आठवड्यांत बेडूक मेला. मी फोनवर "सांगितलं होतं ना" म्हटलं, आणि पुढच्या दोन दिवाळ्या आम्ही एकमेकांशी जेमतेम बोललो.

धोक्याचं म्हणाल तर आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, यादीत दोघेही 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे सर्वांत कमी चिंतेच्या गटात. भाऊजींचा हुकमाचा एक्का हाच. पण याचा अर्थ 'काळजी नको' असा लावणाऱ्यांनी माँटेव्हर्डेचाच सोनेरी भेक आठवावा. १९८७मध्ये हजाराहून जास्त मोजले होते, १९८९मध्ये शेवटचा एक दिसला, त्यानंतर एकही नाही. अमेरिकेत जिवंत काचबेडकांची आयात २०१६मध्ये १३ होती, २०२१मध्ये ५,७४४. त्या ५,७४४मधला एक आमच्या नात्यातल्या कोणाकडे गेला असेल, तर मला नवल वाटणार नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये पनामातल्या साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिषदेने काचबेडकांचं अख्खं कूळ दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे नियंत्रित व्यापाराच्या यादीत, घातलं. एकेक जात वेगळी घालून उपयोग काय, कस्टम्सवाला त्या ओळखणार कशा? ही बंदी नाही, परवाना लागतो एवढंच. माझ्या मते बंदीच हवी होती. त्या निर्णयाची बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली, तर भाऊजींनी नुसता अंगठा दाखवला.

बाकी ओढा सलामत तर दोघेही सलामत. दोघांनाही वाहत्या पाण्यावर झुकलेलं पान लागतं, कारण अंड्यातून निघालेली पिल्लं थेट खाली पाण्यात पडतात. कोस्टा रिकाच्या १९९६च्या वनकायद्याने ग्रामीण भागात सपाटीला ओढ्याच्या दोन्ही काठांना १५ मीटर आणि चढउतारावर ५० मीटर पट्टा राखायला सांगितलाय, त्याचा या दोघांनाही फायदा.

हो, एक राहिलं. काही ठिकाणच्या फ्लेशमनमध्ये ते पांढरं आवरण नसतं, त्यामुळे नुसत्या हृदयावरून पैज लावू नका, पाठ बघा. आणि सगळेच पाळीव काचबेडूक जंगलातून पकडलेले नसतात, पेटीत पैदास झालेलेही असतात. भाऊजी आता तसलीच जोडी घ्यायचं म्हणतायत. मी विचारलं, त्यांचे आईबाप कुठून आले? दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर नाही.