डर्कच्या आठवणी गोळा करताना

प्रिय मित्रा,

तू पाठवलेल्या मुलाखती वाचल्या. अमेरिकेतल्या डॅलसच्या लोकांचा त्यांच्या बास्केटबॉल संघाच्या डर्क नोवित्स्कीवर जीव आहे हे पहिल्याच पानावर कळतं, आणि पुढची सगळी पानं तेच सांगत राहतात. ‘काय माणूस होता!’ हे प्रत्येकाच्या तोंडी. चूक त्यांची नाही. ‘तुम्हाला डर्कबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं की माणूस भाषण ठोकणारच.

जे कॅमेऱ्याने टिपलंय ते चाहत्याकडून वदवून घेऊ नकोस. एका पायावर मागे झुकून मारलेला त्याचा शॉट हवा तितक्या वेळा बघता येतो. ९ एप्रिल २०१९ ला घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्याने ३० गुण केले, नंतर बर्ड, बार्कली, पिपेन हे जुने दिग्गज खेळाडू त्याच्यासाठी कोर्टवर आले, तेही सगळं चित्रित आहे. तू विचार की तिकीट कुणी काढलं, शेजारी कोण होतं, सामना संपल्यावर लगेच उठलात की बसून राहिलात?

१२ जून २०११ चंच घे. मायामीत डॅलसचं एनबीए विजेतेपद पक्कं झालं आणि डर्क कोर्टच्या कडेचं गुणलेखकांचं टेबल ओलांडून थेट ड्रेसिंग रूमकडे गेला, रडू आवरेना म्हणून. टीव्हीसमोरच्यांना तो काही वेळ दिसलाच नाही. तेवढ्या वेळात त्यांच्या घरात काय चाललं होतं? कुणाला फोन लावला? झोपलेल्या पोराला उठवलं का? हे त्यांच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

‘त्या रात्री तो पहिल्यापासून बरसत होता,’ असं तुझे एक गृहस्थ म्हणतात. प्रत्यक्षात पूर्वार्धात त्याच्या १२ शॉटपैकी १ आत गेला होता. त्याचा सहकारी जेसन टेरीने संघ सावरला. अखेरीस टेरीचे २७ गुण, डर्कचे २१. गृहस्थांना खोटं पाडू नकोस, पण आकडा सांगून पुन्हा विचार. मध्यंतरात पोटात आलेला गोळा कदाचित तेव्हा आठवेल, आणि मला तो जास्त हवाय.

(जुना बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला हर्शी गावात एकाच सामन्यात १०० गुण केले. चित्रफीत नाही, अधिकृत प्रेक्षकसंख्या ४,१२४. ‘आम्ही होतो तिथे’ म्हणणारे पुढे त्याहून कितीतरी जास्त निघाले! तेव्हा ‘कुठे बसला होतात?’ हे विचारायला संकोच नको.)

सर्वांत जपून काम करायचं ते रुग्णालयाच्या आठवणींवर. डर्क वर्षानुवर्षं ख्रिसमसच्या सुमारास डॅलसच्या मुलांच्या रुग्णालयात भेटवस्तू घेऊन जायचा, कॅमेऱ्यांचा गाजावाजा न करता. त्यामुळे इथे बहुतेक सगळी भिस्त सांगणाऱ्यावर. एखाद्या आईशी बोलायची वेळ आली तर आजाराचं नाव विचारू नकोस, सांगायचं असेल तर ती सांगेल. सात फुटी माणूस त्या खोलीत बसला कुठे, खाटेवर, खुर्चीत की जमिनीवर, एवढं विचार आणि गप्प राहा. नाव छापण्याची परवानगी मात्र नंतर, वेगळी घे. ओघात दिलेली मी धरत नाही.

त्याचा पुतळा स्टेडियमबाहेर २०२२ च्या ख्रिसमसला बसला. सामन्याच्या दिवशी तासभर आधी तिथे जा. फोटो काढणारे पुष्कळ असतील, त्यांना सोड. ज्यांच्याबरोबर डर्कला खेळताना न पाहिलेलं मूल असेल, ते त्याला काय सांगतात ते ऐक. रेकॉर्डर लगेच पुढे करू नकोस.

पुढचा मसुदा महिनाअखेरीस पाठव, आणि या वेळी पानांना क्रमांक घाल.

तुझा,
जुना उपसंपादक