दोन मुले, दोन शाळा आणि ट्रॅकची निवड

नमस्कार. आपण लिहिले आहे की, न्यू जर्सीतल्या एडिसनहून नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला बदली होत आहे, मुलगा सहावीत जाईल, मुलगी किंडरगार्टन सुरू करील, दोघांच्याही बेस शाळा (घराच्या पत्त्यावरून ठरणाऱ्या) इयर-राउंड मल्टी-ट्रॅक आहेत, म्हणजे वर्षभर चालतात आणि मुलांचे चार गट, म्हणजे ट्रॅक, करून त्यांना पाळीपाळीने सुट्टी देतात, आणि चारपैकी सर्वांत चांगला ट्रॅक कोणता हे ठरत नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही शेजारच्या कॅरीत नेमक्या याच पेचात होतो. थोरला सहावीत, धाकटी दुसरीत, आणि मीही ‘चांगला ट्रॅक कोणता’ एवढेच विचारत फिरत होते. तो प्रश्नच अपुरा होता आणि त्याची किंमत आम्ही पूर्ण एक वर्ष मोजली, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी शाळाखात्यात काम करत नाही. नियम आणि तारखा दर वर्षी बदलतात. तेव्हा जे लिहीत आहे ते एका पालकाचा अनुभव एवढ्याच मापाने घ्यावे.

पंचेचाळीस दिवस शाळा आणि पंधरा दिवस सुट्टी हे गणित आपण वाचलेच असेल. त्यातून निघणारी जी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, तेवढी सांगते. चार ट्रॅकपैकी कोणत्याही वेळी तीन शाळेत असतात आणि एक बाहेर. साडेसातशे मुलांच्या इमारतीत हजार मुले सामावून घेण्यासाठी केलेली ही सोय आहे. म्हणजे ट्रॅकच्या सुट्ट्या एकमेकींवर येऊ नयेत अशाच त्या मुद्दाम आखलेल्या असतात. दोन भावंडे दोन वेगळ्या ट्रॅकवर गेली, तर थँक्सगिव्हिंग आणि नाताळ यांसारख्या सर्वांच्या सुट्ट्या सोडल्यास ती जवळजवळ कधीच एकत्र घरी नसतात. प्रत्येकाच्या वर्षभरात साधारण बारा आठवडे सुट्टीचे. म्हणजे आईवडिलांच्या वाट्याला चोवीस आठवडे असे येतात, की एक मूल घरी आहे आणि दुसऱ्याला सकाळी डबा द्यायचा आहे.

आमची चूक अशी झाली. त्या वर्षी मार्चमध्ये आम्ही अपार्टमेंट सोडून जवळच्याच टाउनहाउसमध्ये राहायला गेलो होतो. मुलाच्या नव्या शाळेच्या कागदपत्रांत नवा पत्ता होता, कारण ती नोंदणी नंतर झाली; मुलीच्या जुन्या नोंदीत मात्र अपार्टमेंटचाच पत्ता राहिला होता. ट्रॅकचा पसंतीक्रम भरताना मुलाचा अर्ज मी चार वेळा तपासून भरला. मुलीच्या अर्जात भावंडाची माहिती देण्याची जागा होती, ती पाहून मला शंका आली, म्हणून मी शाळाखात्याच्या एका कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितले की, भावंडे संगणकात आपोआप जोडली जातात, आपण काळजी करू नये. मी काळजी केली नाही. ती जागा रिकामी सोडली, मुलीचा पसंतीक्रमही घाईघाईने भरला, आणि त्या संभाषणाची एक ओळही लेखी घेतली नाही.

निकाल आला तेव्हा मुलगा ट्रॅक चारवर होता आणि मुलगी ट्रॅक दोनवर. संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगवेगळ्या घरांतली मुले होती.

त्यानंतर जे झाले ते आठवले की अजूनही माझा रक्तदाब वाढतो. कार्यालय म्हणाले, ट्रॅकची बदली शाळा पाहते. शाळा म्हणाली, आमच्या हातात काही नाही, कार्यालयाकडे जावे. पुन्हा कार्यालयात गेले, तर ट्रॅक चार त्या इयत्तेसाठी भरला आहे, जागा झाली तर कळवू असे उत्तर मिळाले. तळ्यात-मळ्यात करत मी तीन महिने घालवले. फोनवर मला काय सांगितले गेले होते हे मी दर वेळी सांगत असे आणि दर वेळी एकच प्रश्न येत असे : आपल्याकडे तसा ईमेल आहे का? सरकारी काम आणि सहा महिने थांब असे आपल्याकडे म्हणतात. आमचे काम बारा महिने थांबले आणि पुढच्या वर्षीच्या पसंतीक्रमात मार्गी लागले.

पैशांचा हिशेब सांगत नाही, कारण कॅम्पचे दर बदलतात; पण दोन मुलांसाठी वेगवेगळ्या आठवड्यांत कॅम्प शोधणे आणि नवराबायकोंनी रजा वाटून घेणे यांत आमचे ते वर्ष गेले. त्याहून मोठी गोष्ट निराळीच होती. ऑक्टोबरच्या शेवटी कोल्हापूरला सासऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्या दिवसांत मुलीची सुट्टी होती, मुलाची नव्हती. दोन आठवडे शाळा बुडवून त्याला नेण्याचा विचार आम्ही केला. परंतु विनापरवाना गैरहजेरी झाली की नॉर्थ कॅरोलिनात तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या दिवसाला घरी सूचना येते, आणि दहाव्यानंतर मुख्याध्यापकांना प्रकरण पाहावे लागते. शैक्षणिक कारणासाठी आधी अर्ज करून गैरहजेरी मंजूर करून घेता येते, पण ती मुख्याध्यापकांच्या मर्जीवर असते, आणि आमच्या नव्या शाळेत दोन आठवड्यांना होकार मिळाला नाही. शेवटी मी मुलीला घेऊन गेले आणि मुलगा वडिलांबरोबर इकडेच राहिला. कोल्हापूरच्या दिवाणखान्यात लावलेल्या त्या फोटोत चार नातवंडे आहेत, पाचवे नाही. सासरे कधी काही बोलले नाहीत. मला मात्र त्या फोटोसमोर बसून चहा पिणे जड जाते.

म्हणून आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, कोणत्याही ट्रॅकचा विचार करण्याआधी दोन्ही मुलांच्या नोंदीत पत्ता, पालकांची नावे आणि त्यांचे स्पेलिंग अक्षरशः एकसारखे आहे ना, हे पाहावे. आपल्या लोकांत हे विशेष बिघडते. एका मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव मधल्या नावात येते, दुसऱ्याच्या पासपोर्टवर ते पहिल्या नावालाच चिकटलेले असते, आणि आईचे आडनाव एखाद्या कागदावर माहेरचे राहून जाते. दोन्ही अर्जांत भावंडाची माहिती भरावी, दोन्हींत पसंतीक्रम एकच ठेवावा, आणि मुले जोडली गेली आहेत याची खात्री ईमेलने मागावी. फोनवर कोणी कितीही गोड बोलले तरी फोन ठेवताच ‘आपण आता असे सांगितले’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवावा. यात संशयी वृत्ती दिसते असे कोणाला वाटले तर वाटू द्यावे.

त्याआधी आणखी एक साधी चौकशी करावी. इयर-राउंड म्हणवणाऱ्या सगळ्याच शाळांत चार ट्रॅक नसतात. काही शाळा एकाच ट्रॅकवर चालतात आणि तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. दोन शाळांपैकी एक तशी निघाली, तर दुसऱ्या शाळेत तिच्याशी जुळणारा ट्रॅक मागणे एवढेच आपल्या हातात राहील.

आता ट्रॅक चारविषयी. इकडच्या प्रत्येक वाढदिवसाच्या पार्टीत आपल्याला सांगितले जाईल की, ट्रॅक चारच घ्यावा, कारण उन्हाळ्याची सुट्टी त्यातच सर्वांत मोठी असते आणि तो पारंपरिक (ऑगस्टअखेर ते जून) वेळापत्रकाला सर्वांत जवळचा आहे. हे खरे आहे, आणि म्हणूनच तो लवकर भरतो. पण माझे मत विचाराल तर, दोन्ही मुले प्राथमिक शाळेत असताना त्यामागे धावण्यात फारसा अर्थ नाही. इतर ट्रॅकवरच्या मुलांना ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन आठवडे मिळू शकतात. तेव्हा विमानाची तिकिटे जून आणि डिसेंबरइतकी महाग नसतात, आणि गावी गेल्यावर पाऊस पाहत खिडकीत बसावे लागत नाही. दिवाळी घरी करायची की शेतावर हुरडा खायचा, हे ज्या त्या कुटुंबाने ठरवावे. मात्र त्या वर्षाचे छापील वेळापत्रक समोर ठेवूनच ठरवावे, कोणाच्या आठवणीवरून नव्हे. काही ट्रॅकमध्ये एक इयत्ता संपून दुसरी सुरू होईपर्यंत फारच थोडे दिवस मिळतात, तेही त्यातच दिसेल.

आपल्या बाबतीत मात्र मी माझ्याच मताविरुद्ध सल्ला देईन. आपला मुलगा सहावीत आहे. तीन वर्षांनी तो हायस्कूलला जाईल आणि इथली बहुतेक सरकारी हायस्कुले पारंपरिक वेळापत्रकावर चालतात. २००४ साली केलेल्या आणि नंतर दुरुस्त झालेल्या राज्याच्या कायद्यानुसार पारंपरिक शाळा २६ ऑगस्टच्या जवळच्या सोमवारपूर्वी उघडत नाहीत आणि ११ जूनच्या जवळच्या शुक्रवारनंतर चालत नाहीत. इयर-राउंड शाळांना हे बंधन नाही. म्हणजे तीन वर्षांनंतर मुलाचा उन्हाळा कधी असेल हे आजच ढोबळमानाने सांगता येते, आणि मुलीचा ट्रॅक त्याच्या जवळचा असेल तर बरे. तेव्हा ट्रॅक बदलून घेता येईल असे आपल्याला सांगितले जाईल. येईलही कदाचित. पण एकदा वर्ग आणि मैत्रिणी जुळल्या की तिसरीतली मुलगी सहजी ट्रॅक बदलत नाही, आणि जागा असेल याचा भरवसाही नाही. म्हणून दोघांनाही पहिली पसंती ट्रॅक चार द्यावी, आणि दुसरी पसंती विचार करून द्यावी, कारण बऱ्याच जणांना प्रत्यक्षात तीच मिळते.

अभ्यासाच्या दृष्टीने इयर-राउंड चांगले का, असेही आपण विचारले आहे. मोठ्या सुट्टीत मुले शिकलेले विसरतात आणि लहान सुट्ट्यांत विसरत नाहीत, असा युक्तिवाद आपण ऐकाल. कॅरी आणि मॉरिसव्हिल ज्या जिल्ह्यात येतात त्या वेक काउंटीने २००७ मध्ये २२ शाळा सक्तीने इयर-राउंड केल्या, पालक न्यायालयात गेले, आणि पालकांची संमती आवश्यक नाही असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. त्याच बदलाचा अभ्यास करून स्टीव्हन मॅकमुलन आणि कॅथरिन राऊस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवले की, सरासरी विद्यार्थ्याच्या प्रगतीवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. शाळेचे दिवस तेवढेच राहतात, सुट्टी फक्त विखुरली जाते. तेव्हा गुणांकडे पाहून ट्रॅक किंवा शाळा निवडू नये.

सुट्टीतल्या कॅम्पविषयी थोडे. कॅरी शहराचा उद्यान विभाग आणि वायएमसीए दोघेही ट्रॅक-आउट कॅम्प, म्हणजे ट्रॅकच्या सुट्टीतले कॅम्प, चालवतात. नोंदणी सुरू होण्याची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. नोकरीत मुलांच्या सांभाळाचे करमुक्त खाते मिळत असेल तर दिवसाच्या कॅम्पचा खर्च त्यातून करता येतो, मूल तेरा वर्षांखालील असेपर्यंत. मुक्कामी कॅम्प त्यात बसत नाही. खात्याची वार्षिक मर्यादा अनेक वर्षे ५,००० डॉलर होती, ती २०२६ पासून ७,५०० झाली आहे. परंतु त्यासाठी साधारणपणे आईवडील दोघेही नोकरीत, नोकरीच्या शोधात किंवा पूर्णवेळ शिकत असावे लागतात, त्यामुळे एच-फोरवर (नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या आणि कामाची परवानगी नसलेल्या जोडीदारामुळे ही सवलत हातची जाऊ शकते. आपल्या करसल्लागाराला विचारावे. मी करसल्लागार नाही. आजीआजोबांना सहा महिने बोलावून दोन ट्रॅक-आउट निभावून नेण्याचा मार्ग अनेक घरांत वापरतात. आम्हीही वापरला. एवढेच म्हणेन की, त्यांना गाडी चालवता येत नसेल तर इथल्या उपनगरात ते मुलांबरोबर घरातच अडकतात, आणि त्यांच्या सहा महिन्यांत एखादी सहल तरी त्यांच्यासाठी ठेवावी.

राहिला मुलीच्या वयाचा प्रश्न. किंडरगार्टनसाठी ३१ ऑगस्टपर्यंत पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आपण तिचा वाढदिवस ऑगस्टच्या मध्यात सांगितला आहे. इयर-राउंड शाळा जुलैत सुरू होत असल्याने ती चार वर्षांची असतानाच वर्गात बसेल. त्यात काही वावगे नाही, मात्र मल्टी-ट्रॅक शाळेत ट्रॅक बाहेर गेला की अनेकदा खोली दुसऱ्या वर्गाला दिली जाते, सामान चाकांच्या कपाटात भरले जाते आणि तीन आठवड्यांनी मुले वेगळ्याच खोलीत परततात. माझ्या मुलीने पहिल्या वेळी जुन्या खोलीत जाऊन अनोळखी बाईंसमोर रडणे सुरू केले होते. सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी नवी खोली कोणती, हे शिक्षिकेला विचारून तिला आधी सांगून ठेवावे, आणि स्वेटरच्या आतल्या बाजूला नाव शिवून द्यावे; आमचे तीन गेले.