अंतराळवीरांची हाडं आणि तुमच्या आईचं मनगट

मी हवाई दलात वैमानिकांची डॉक्टर होते, निवृत्तीनंतर पुण्यात रुग्ण पाहते. मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स अंतराळ स्थानकावरून परतल्या, जुलैमध्ये शुभांशू शुक्ला आले, आणि तेव्हापासून त्याच त्या शंका पुन्हापुन्हा येत आहेत. बऱ्याच शंका फॉरवर्डमधून आलेल्या आहेत. काहींच्या आड मात्र घरातलं दुखणं आहे, आणि ते विचारायला लोक अंतराळवीराचं निमित्त करतात. अशा प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : अंतराळ स्थानक इतक्या उंचीवर आहे की तिथवर गुरुत्वाकर्षण पोचतच नाही, असं मुलाला क्लासमध्ये सांगितलं. बरोबर आहे का? (पालक, बारामती)

नाही. स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथे जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के गुरुत्वाकर्षण असतं. ताशी २८ हजार किलोमीटरच्या वेगाने ते पृथ्वीभोवती सतत पडत असतं. त्यातली माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात, म्हणून तरंगतात.

प्रश्न : सुनीता विल्यम्सना आठ दिवसांचं सांगून नऊ महिने अर्धपोटी ठेवलं, गाल बसले, उतरल्यावर स्ट्रेचर लागलं, असा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आहे. तिथे खायला कमी पडतं का?

मुक्काम लांबला हे खरं. त्या ज्यातून गेल्या त्या स्टारलायनर यानात हेलियमची गळती झाली आणि त्याचे काही थ्रस्टर नीट चालेनात, म्हणून ते यान सप्टेंबर २०२४ मध्ये रिकामंच खाली आणलं आणि विल्यम्स दुसऱ्या यानातून परतल्या. एकूण २८६ दिवस. उपाशी ठेवल्याची गोष्ट खोटी. मुक्काम चालू असतानाच तिथून त्यांनी सांगितलं होतं की आपलं वजन गेलो तेव्हा होतं तेवढंच आहे. वजनरहित अवस्थेत पायांतलं पाणी वर सरकतं, पाय काटकुळे होतात, चेहऱ्याची ठेवण बदलते. एका फोटोवरून निदान करायचं धाडस मी तीस वर्षांत केलं नाही, ते ग्रुपवरच्या कुणी करू नये.

स्ट्रेचरचं म्हणाल, तर लांबच्या मोहिमेवरून आलेल्यांना तसं उतरवण्याची पद्धतच आहे. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र गुरुत्वाकर्षण विसरलेलं असतं आणि उभं राहताच रक्तदाब खाली येतो. हे शेवटचं तुमच्या घरातही घडतं. अंथरुणातून उठल्यावर आजोबांच्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोन्ही वेळा बीपी मोजून घ्या. "वयामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळदा चालू असलेल्या गोळीचा डोस बदलावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच बदलायचा असतो.

प्रश्न : शुक्लांनी आमरस आणि गाजराचा हलवा नेला. पुरणपोळी का नाही?

पुरण भुरभुरतं. कण हवेत तरंगत राहिले की डोळ्यांत, नाकात आणि यंत्रांत जातात. म्हणून तिथे ब्रेडऐवजी टॉर्टिया खातात आणि मीठसुद्धा पाण्यात विरघळवलेलं असतं.

प्रश्न : अंतराळवीर स्वतःचं मूत्र पितात, मग शिवाम्बूला डॉक्टर नावं का ठेवतात? वडिलांनी दोन महिन्यांपासून सुरू केलं आहे. त्यांना मधुमेह आहे.

अंतराळवीर मूत्र पीत नाहीत, पाणी पितात. लघवी आधी कमी दाबाखाली, फिरत्या पिंपात उकळली जाते. पिंप फिरवायचं कारण असं की तिथे वाफ आणि द्रव आपोआप वेगळे होत नाहीत. मग त्या वाफेचं झालेलं पाणी, घामाचा आणि श्वासाचा गोळा केलेला ओलावा, सगळं गाळण्यांतून जातं, तापवून त्यातली उरलीसुरली रसायनं मोडली जातात, जंतू वाढू नयेत म्हणून आयोडीन घातलं जातं आणि तपासणी होते. २०२३ मध्ये या पद्धतीने ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलं. एवढी यंत्रणा कशासाठी उभारली? लघवीत शरीराने टाकून दिलेलं जे असतं ते पुन्हा पोटात जाऊ नये यासाठीच.

वडिलांनी मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवल्या आहेत की बंद केल्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला काळजी त्याचीच आहे. आजच विचारा. बंद केल्या असतील तर या आठवड्यात साखर आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून त्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : आई ६६ वर्षांची, चिपळूणला असते. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरून मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, आता छान आहे. एका प्रदर्शनात "अंतराळवीरांच्या फॉर्म्युल्याची" कॅल्शियम पावडर मिळाली, डबा ४,२०० रुपयांचा. सुरू करू का? तिला आता जास्तीत जास्त आराम द्यायचा, एवढं कळतं.

डबा परत करा. आराम देऊ नका. आणि ती छान आहे असं मला वाटत नाही.

अंतराळवीराचं हाड कॅल्शियम खायला कमी मिळतं म्हणून झिजत नाही. हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड खरवडत असतात, काही नवं भरत असतात, आणि कुठे किती भरायचं हे त्या हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरतं. तिथे पायांवर, कमरेवर, खुब्यावर भारच नसतो. खरवडणं चालू राहतं, भरणं मागे पडतं. व्यायाम केला नाही तर भार सोसणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते. सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं आणि लघवीवाटे जातं, म्हणून अंतराळवीरांना मूतखड्याची भीती असते. अशा शरीरात डबाभर कॅल्शियम ओतून काय साधणार? त्यांना ड जीवनसत्त्व देतात, कारण बंद स्थानकात अंगावर ऊन पडत नाही. पण खरा उपाय भाराचाच.

तो कसा देतात पाहा. २००८ पासून तिथे एक व्यायामयंत्र आहे. वजनं तिथे निरुपयोगी, म्हणून त्याच्या सिलिंडरांत निर्वात पोकळी ठेवली आहे. दांडा खांद्यावर घेऊन उठाबशा काढायच्या, प्रत्येक वेळी ती पोकळी दांडा मागे ओढते. २७० किलोपर्यंतचा भार लावता येतो. पळण्याच्या पट्ट्यावर माणसाला खांद्यांवरून आणि कमरेवरून पट्टे बांधून खाली खेचतात, नाहीतर पहिल्याच पावलाला तो वर निघून जाईल. असाच पट्टा बांधून विल्यम्स यांनी २००७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली. रोज सुमारे दोन तास हा व्यायाम ठरलेला. एवढं करूनही १७ अंतराळवीरांची परतल्यावर वर्षभराने तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांच्या नडगीचं हाड पूर्ववत झालेलं नव्हतं.

आता आरामाकडे येते. "नासा झोपायचे पैसे देते" ही बातमी तुम्ही वाचली असेल. २०१९ मध्ये जर्मनीत कोलोनला निरोगी स्वयंसेवकांना ६० दिवस, डोकं सहा अंश खाली ठेवून, अंथरुणावर झोपवलं. जेवण, आंघोळ, सगळं आडव्याने. त्यांना पैसे दिले ते मौजेचे नाहीत, शरीराची हानी सोसण्याचे. कारण अंथरूण हेच जमिनीवरचं अंतराळ आहे. प्लास्टर कापल्यावर आईचा हात तुम्ही पाहिला असेल, दुसऱ्या हातापेक्षा बारीक, त्वचा सैल. सहा आठवड्यांत एका हाताचं एवढं होतं. पडून राहिल्यावर सगळ्या शरीराचं काय होईल?

पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून मनगट मोडणं हा नुसता अपघात मानायचा नाही, हाड ठिसूळ झाल्याचा तो निरोप असतो. पुढचं हाड बहुधा खुब्याचं किंवा मणक्याचं. माझ्या सासूबाईंचं मनगट मोडलं तेव्हा मी दूर पोस्टिंगवर होते. प्लास्टर निघालं, पोळ्या लाटायला लागल्या, सगळे म्हणाले झालं. मीही मानलं, डॉक्टर असून. तीन वर्षांनी न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, आणि त्यानंतर त्या एकट्याने कधी अंगणात उतरल्या नाहीत. एक तपासणी वेळेत केली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून तुमच्या आईसाठी, या महिन्यातच: अस्थिरोगतज्ज्ञाची वेळ घ्या आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. चिपळूणला सोय नसेल तर जिथे आहे तिथे एक दिवस काढून न्या. टाचेला यंत्र लावून फुकट चाचणी करणाऱ्या शिबिरावर विसंबू नका, तिथल्या टेबलावर बहुधा कुणाचा तरी डबा विकायला असतो. रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, मूत्रपिंड पाहावं लागेल. हाडांची झीज रोखणाऱ्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आहेत, त्यातली एक अंतराळवीरांवरही वापरून पाहिली आहे. पण त्याआधी दात तपासावे लागतात, गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं, आणि सगळ्यांना ती चालत नाही. दुकानातून परस्पर आणू नका. कॅल्शियम लागेल की नाही हेही त्याच भेटीत ठरेल. फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा आणि तोलाचा व्यायाम शिकून घ्या. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, अंगणातलं शेवाळ घासून काढा.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला जायचं आहे. वय ७१, पायांवर सूज येते. एका अंतराळवीराच्या रक्तात गुठळी झाल्याचं वाचलं आणि घाबरलो. ॲस्पिरिन घेऊन बसू का?

मनाने घेऊ नका. ती घटना खरी आहे, २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सहा महिन्यांच्या मोहिमेत दोन महिने झाले असताना, एका प्रयोगासाठी केलेल्या सोनोग्राफीत मानेच्या शिरेत गुठळी दिसली. मानेत, कारण वजनरहित अवस्थेत तिथलं रक्त संथ होतं. रुग्णाला त्रास काहीच नव्हता. स्थानकावर रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या मोजक्या कुप्या होत्या. डोस कसा पुरवायचा यासाठी खाली अमेरिकेतल्या गुठळ्यांच्या तज्ज्ञाला विचारलं, आणि मालवाहू यानातून गोळ्या पोचेपर्यंत सुमारे चाळीस दिवस ती इंजेक्शनं पुरवली. स्थानकावरच्या रुग्णासाठीही तज्ज्ञाचा सल्ला घेतला. तुमचा डॉक्टर एका रिक्षाच्या अंतरावर असेल.

तुमच्या बाबतीत आधी सूज कशाची हे कळायला हवं. हृदय, मूत्रपिंड, शिरा की बीपीची गोळी? एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं असेल तर प्रवासाची वाट न पाहता लगेच दाखवा. विमानात दर तासा-दीड तासाने चाला, पाणी प्या. दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितले तरच, मापाचे घ्या.

प्रश्न : महिला अंतराळवीर सहा-सहा महिने पाळी थांबवतात म्हणे. मग गौरी-गणपतीला मी केमिस्टकडून पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या तर काय बिघडतं? (वय ३८)

त्यांच्यातल्या अनेकजणी थांबवतात, काहीजणी नाही. ज्या थांबवतात त्यांची आधी पूर्ण तपासणी झालेली असते, औषध निवडून दिलेलं असतं आणि डॉक्टर त्यांच्यावर लक्ष ठेवून असतात. तुम्हाला काउंटरवर कुणी विचारलं का, की घरात कुणाला गुठळी झाली होती का, तुमची अर्धशिशी कशी आहे, बीपी किती, वजन किती? या गोळ्यांनी काही बायकांत गुठळीचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना महिनाभर आधी भेटा. आणि पाळी असताना गौरीपुढे बसलात तर तुमच्या प्रकृतीला काहीही होत नाही, हे डॉक्टर म्हणून सांगते.

प्रश्न : मुलीच्या शाळेत एका कंपनीने परीक्षा घेतली. तिची "नासासाठी निवड" झाली आहे. साडेतीन लाख भरायचे आहेत. ती आठवीत आहे.

ही निवड नाही, सहल आहे. फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्राचं अभ्यागत संकुल तिकीट काढून कुणालाही पाहता येतं. सहल म्हणून परवडत असेल तर जरूर जा, पण कर्ज काढू नका आणि मुलीला तिची निवड झाली असं सांगू नका. पुढच्या वर्षी ती नववीत जाईल. इस्रोचा "युविका" हा नववीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम आहे, निवड झाली तर राहण्या-जेवण्याचा आणि प्रवासाचा खर्च इस्रो करते. त्याची जाहिरात इस्रोच्या संकेतस्थळावर पाहा आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंशी बोला.

प्रश्न : मला चष्मा आहे, मायनस अडीच. मी अंतराळवीर होऊ शकतो का? (इयत्ता सहावी, नांदेड)

चष्मा आहे म्हणून हे स्वप्न सोडू नकोस. नासाला चष्म्याने नीट दिसणारी नजर चालते, आणि स्थानकावर बरेचजण चष्मा लावून काम करतात. तिथे काहींच्या डोळ्यांच्या मागचा भाग सुजतो आणि नंबर बदलतो, म्हणून वेगवेगळ्या नंबरांचे चष्मे आधीच पाठवलेले असतात. तुझ्या वयात नंबर भराभर वाढू शकतो. चष्म्याच्या दुकानातला नंबर पुरेसा नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून पडदा पाहायला हवा. रोज उन्हं असताना बाहेर खेळ. शेवटची तपासणी कधी झाली ते तू लिहिलेलं नाहीस. हे उत्तर आईबाबांना दाखव आणि दिवाळीची सुट्टी लागण्याआधी जाऊन ये.