कॅल्मोड्युलिनवर काम सुरू करायचंय? आधी कॅल्शियम सांभाळ

कायनेजच्या (प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमच्या) मागे लागण्याआधी त्याला चालू-बंद करणारं प्रथिन नीट ओळखून घे. कॅल्मोड्युलिन जेमतेम 17 किलोडाल्टनचं, पण कॅल्शियमचे 4 आयन धरले की त्याचा आकार बदलतो आणि मग ते कायनेजला, कॅल्सिन्यूरिनसारख्या फॉस्फटेजलाही (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमलाही) जागं करतं. शुद्धीकरण त्यामानाने सोपं: कॅल्शियम असताना फिनाइल सेफारोज या रेझिनला चिकटतं, ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातलं की सुटतं.

खरी डोकेदुखी बफरची. पाण्यातून, काचेतून मायक्रोमोलर कॅल्शियम नकळत येतं आणि ‘कॅल्शियम नाही’ असं लिहिलेल्या नळीतही एन्झाइम चालू दिसतं. त्यामुळे प्रत्येक ॲसेमध्ये (एन्झाइमची क्रिया मोजणाऱ्या चाचणीत) ईजीटीएची नळी हवीच हवी, शिवाय कॅल्मोड्युलिन न घातलेलीही. ईजीटीए घातल्यावर पीएच तपास. कॅल्शियम धरताना ते प्रोटॉन सोडतं. बफर कमजोर असेल तर पीएच घसरतो आणि ईजीटीएची पकडही ढिली पडते.

प्रथिनं विजेने जेलवर पळवताना एक गंमत बघ. नमुन्यात कॅल्शियम असेल तर पट्टा थोडा पुढे पळतो, ईजीटीए असेल तर मागे राहतो. दोन्ही शेजारी-शेजारी चालव. प्रथिन कॅल्शियम धरतंय का, ते तिथेच कळेल.

फॉस्फो-अँटिबॉडीच्या (फॉस्फेट लागलेलं प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीच्या) ब्लॉटची घाई नको. करशील तेव्हा ब्लॉकिंगला (ब्लॉटच्या पटलावरच्या रिकाम्या जागा झाकायला) दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घे, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे.