वाचकांचे प्रश्न : घुर्यांच्या विभागाने मोजलं काय आणि कसं?

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 साली सुरू झाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. 1924 मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून शिकून विभागात आले आणि 1959 पर्यंत विभाग त्यांच्या हाताखाली राहिला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई, आय. पी. देसाई, के. एम. कापडिया, विलास संगवे ही सगळी तिथेच शिकली. या विभागाविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : नाकाच्या मापांवरून ‘जात म्हणजे वंश नव्हे’ हे घुर्यांनी सिद्ध केलं, असं एका भाषणात ऐकलं. नाक मोजून असं काही सिद्ध होतं का? – एक शिक्षक, सावंतवाडी

आधी माप समजून घ्या. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. हा झाला नासिका निर्देशांक. रुंदी 36 मिलिमीटर आणि उंची 48 असेल तर निर्देशांक 75. 70 च्या खाली अरुंद नाक, 70 ते 85 मध्यम, त्यापुढे रुंद, अशी तेव्हाची वर्गवारी होती. हर्बर्ट रिस्ले या जनगणना अधिकाऱ्याचा दावा असा, की जात जितकी वरची तितका तिचा सरासरी निर्देशांक कमी. म्हणजे जातींची उतरंड हीच वंशांची उतरंड.

घुर्यांनी 1932 च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या पुस्तकात उपलब्ध मापं प्रांतवार वेगळी करून मांडली, आणि तिथेच रिस्लेचं गणित विस्कटलं. गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात, उतरंड आणि नाक बऱ्यापैकी जुळतात. पंजाब, मुंबई, मद्रास इलाख्यांत जुळत नाहीत. एका प्रांतातला ब्राह्मण दुसऱ्या प्रांतातल्या ब्राह्मणापेक्षा आपल्याच प्रांतातल्या इतर जातींना अधिक जवळचा निघतो. सगळ्या देशाची मापं एका पोत्यात भरली की प्रांताप्रांतांमधला फरक जातीजातींमधला म्हणून दिसू लागतो. हा धडा आजच्या सर्वेक्षणांनाही लागू आहे.

मापात चूक कुठे होते तेही पाहा. नाकाचं मूळ कुठे धरायचं यावरून उंचीत दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. 48 ऐवजी 46 धरली की वरच्याच नाकाचा निर्देशांक 75 वरून 78 च्या पुढे जातो. कॅलिपर, म्हणजे मोजायचा चिमटा, नाकपुडीवर जरा दाबला की रुंदी घटते. जातीजातींच्या सरासरीत दोन-चार अंकांचाच फरक असताना ही ढिलाई परवडणारी नाही.

‘सिद्ध केलं’ हा शब्द मात्र जास्त झाला. घुर्यांनी वंशाची कल्पना सोडून दिली नव्हती. गंगेच्या खोऱ्यातल्या ब्राह्मणी संस्कृतीतून जातिव्यवस्था इतरत्र पसरली, असं त्यांचं म्हणणं होतं आणि तिच्या उगमाशी ते वंशाचा संबंध जोडत होते. त्यांनी दिलेल्या मापांचा आधार घेऊन पुढचं पाऊल टाकलं ते डॉ. आंबेडकरांनी. ‘द अनटचेबल्स’ (1948) मध्ये त्यांनी याच आकड्यांवरून दाखवलं की अस्पृश्य हा वेगळा वंश नाही. घुर्यांचा विभाग आणि आंबेडकर यांच्यातला हा धागा पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो.

जाता जाता : घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे 1930 साली बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट झाल्या. त्यांचा विषय होता कवटीची विषमता, म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. वंशानुसार ती बदलते असं त्यांना आढळलं नाही, आणि फिशरसारख्या वंशवाद्याच्या संस्थेत बसून त्यांनी ते तसंच लिहिलं.

प्रश्न : माझं संशोधन गावातल्या सोयरिकींवर आहे. मार्गदर्शकांनी ‘वंशावळ पद्धत’ वापरायला सांगितली. प्रत्यक्षात सुरुवात कशी करायची? – एक संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

ही पद्धत केंब्रिजचे मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांची. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या 1898 च्या मोहिमेत त्यांनी ती बसवली. घुर्ये केंब्रिजला त्यांच्याकडेच शिकायला गेले होते. 1922 मध्ये रिव्हर्स वारले म्हणून पुढचं काम तिथलेच मानववंशशास्त्रज्ञ हॅडन यांच्याकडे झालं. मुंबईत ही पद्धत आली ती अशी.

पहिला नियम : विचारताना बाप, आई, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरायचे. ‘तुमचे भाऊ किती?’ विचारलंत की चुलत, मावस, आते, मामे सगळे एका ओळीत येतील, वर एखादा मानलेला भाऊही. म्हणून ‘तुमच्या आईच्या पोटची मुलं किती? थोरलं कोण?’ असं विचारा. जन्मक्रमाने नावं घ्या, मग प्रत्येकाचा जोडीदार, जोडीदाराचं माहेर किंवा गाव, मग त्यांची मुलं. हे झालं की बापाकडे वर चढा, तसंच आईकडे. एका बैठकीत तीन पिढ्यांच्या पुढे जाऊ नका. सांगणारा कंटाळला की मेलेली माणसं गाळतो. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा, आणि प्रत्येक व्यक्तीला घर क्रमांक–पिढी–जन्मक्रम असा आकडा. नावांवर विसंबू नका, एका गावात दहा सखाराम निघतात.

आपल्याकडे हमखास अडतं ते असं. लग्नात बाईचं नाव बदलतं, म्हणून माहेरचं आणि सासरचं दोन्ही लिहा. नाहीतर एकच बाई दोन वंशावळींत दोन बायका होते. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा दिराला विचारा. दिलेल्या मुली आणि लहानपणी वारलेली मुलं विसरली जातात. दत्तक आणि पाट लावलेली लग्नं पहिल्या भेटीत कुणी सांगत नाही, ती दुसऱ्या घराकडून कळतात. म्हणून प्रत्येक वंशावळ किमान दोन वेगळ्या शाखांकडून ताडून घ्यायची. जुळली नाही तर खोडू नका. दोन्ही रूपं ठेवा, कुणी काय लपवलं हीसुद्धा माहितीच आहे. साल आठवत नसेल तर पानशेत फुटलं (1961), कोयनेचा भूकंप (1967), बहात्तरचा दुष्काळ यांच्या आधी की नंतर, असं विचारा.

हे सगळं झाल्यावरच ‘कोण कोणाला काय म्हणतं’ याकडे वळा, आणि त्याची वही वेगळी ठेवा. सून सासूला आत्या म्हणते म्हणून सासू तिच्या बापाची बहीण असेलच असं नाही. पण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरात ती खरोखरच आत्या असते. आत्याच्या मुलीशी लग्न मात्र यांतल्या बऱ्याच जातींना चालत नाही. इरावतीबाईंनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’त (1953) भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार नातेविभाग पाडले. महाराष्ट्र मध्य विभागात बसवला तो अशाच फरकांवरून.

प्रश्न : ‘एकत्र कुटुंबं मोडली’ हे वाक्य आम्ही पन्नास वर्षं ऐकतोय. आकडे काय सांगतात? – एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

आकडे काय सांगतात ते ‘एकत्र’ची व्याख्या कोणती धरता यावर आहे, आणि विभागातली खरी लढाई तिथेच झाली.

इरावतीबाईंची व्याख्या कडक : एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, सामाईक मालमत्ता असलेली, एकत्र कुळाचार करणारी, विशिष्ट नात्याने बांधलेली माणसं. जनगणनेचं कुटुंब सोपं, एका स्वयंपाकघरात जेवणारे. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुव्याच्या अभ्यासात (1964) चुलीवर भर देणंच नाकारलं. त्यांच्या मते मालमत्ता, मिळकत आणि एकमेकांवरचे हक्क-जबाबदाऱ्या पाहायच्या. वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब नव्हे. कापडियांनी नवसारी शहर आणि भोवतालची 15 खेडी पाहिली (1956). खेड्यांत एकत्र आणि विभक्त जवळपास निम्मी-निम्मी निघाली आणि शहरात एकत्रांचं प्रमाण उलट जास्त. शहर आलं की एकत्र कुटुंब गेलं, ही समजूत तिथे टिकली नाही.

तुमच्याच सोसायटीत करून पाहा. प्रत्येक घरासाठी पाच रकाने : चूल कोणाबरोबर, सातबाऱ्यावर किंवा घराच्या कागदावर नावं कोणाची, दरमहा पैसे कुठे जातात, देव आणि गणपती कुठे, मुलीच्या लग्नाचा निर्णय कोण घेतं. ठाण्यात दोन खोल्यांत राहणारा, गावच्या सातबाऱ्यावर तिघा भावांत नाव असलेला, दरमहा पैसे धाडणारा माणूस पहिल्या रकान्यात विभक्त आणि उरलेल्या चारांत एकत्र निघेल. सहावा रकाना वयाचा हवाच. आई-बाप आणि अविवाहित मुलं म्हणजे विभक्त कुटुंब. थोरल्याचं लग्न झालं की तेच घर ‘एकत्र’. वडील गेले की पुन्हा फाटतं. एकदाच मोजलंत तर घराच्या वयाला तुम्ही समाजातला बदल समजून बसाल. ही चूक नीट दाखवून दिली बडोद्यात श्रीनिवासांच्या हाताखाली घडलेल्या ए. एम. शाह यांनी, 1973 मध्ये.

प्रश्न : ‘व्होट बँक’ हा शब्द एका समाजशास्त्रज्ञाचा आहे, हे खरं का? – सातारा

हो, श्रीनिवासांचा. म्हैसूरकडच्या रामपुरा गावावरच्या 1955 च्या लेखात तो येतो. तिथे त्याचा अर्थ गावातल्या वजनदार आश्रयदात्याच्या शब्दावर पडणारी मतं असा होता. एखाद्या जातीची किंवा धर्माची गठ्ठा मतं हा अर्थ नंतर चिकटला.

त्यांच्या ‘संस्कृतीकरणा’चंही असंच झालं. कनिष्ठ जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलून पिढी-दोन पिढ्यांत वरच्या स्थानाचा दावा करते, एवढंच ते म्हणत होते. शिडी तशीच राहते, पायरी बदलते. ‘समाजसुधारणा’ या अर्थी तो शब्द वापरू नका.

रामपुराची आणखी एक गोष्ट प्रत्येक संशोधकाने भिंतीवर लावावी अशी आहे. 24 एप्रिल 1970 रोजी स्टॅनफर्डला आगीत श्रीनिवासांची अठरा वर्षांत तयार झालेली टिपणं जळाली. प्रती तीन होत्या, पण तिन्ही एकाच खोलीत. मूळ डायऱ्या भारतात होत्या म्हणून त्या वाचल्या. ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (1976) हे पुस्तक मग त्यांनी मुख्यतः आठवणीवर लिहिलं. पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप एकाच पिशवीत ठेवणाऱ्यांनी विचार करावा.

प्रश्न : आमच्या गावाचा शंभर वर्षांपूर्वीचा अहवाल मिळाला आहे. त्याच्याशी आजची तुलना करता येईल का? – पुणे जिल्हा

येईल, आणि वाट दाखवणारं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे. पुणे–नगर रस्त्यावरच्या लोणीकंदचं कंपनीचे डॉक्टर थॉमस कोट्स यांनी पेशवाई संपल्यावर लगेच केलेलं वर्णन 1823 साली छापलं गेलं. घुर्यांनी तेच गाव पुन्हा पाहून 1960 साली पुस्तक काढलं.

पहिलं काम हद्दीचं. तेव्हाच्या गावातल्या वाड्या आज स्वतंत्र ग्रामपंचायती झाल्या असतील. लोकसंख्या घटलेली दिसली तर आधी नकाशा काढा. दुसरं मापांचं. बिघा, पायली, खंडी दर मुलखाला वेगळी, आणि अहवाल पेशवाईच्या सुमाराचा असेल तर रुपयाही एक नव्हता. तेव्हाचा अंकुशी रुपया कंपनीच्या रुपयात बदलल्याशिवाय कर्जाचे आकडे शेजारी ठेवू नका. शंका असेल तिथे मूळ एकक तसंच छापा. तिसरं, जातींची नावं. एका काळची नोंद आणि आजचं जातीचं नाव यांत फरक असतो. जुळवणी गावातल्या दोन-तीन घराण्यांच्या वंशावळीवरून करा. आणि जुन्या लेखकाने काय पाहिलंच नाही त्याची वेगळी यादी करा. बायकांचं काम त्यात बहुधा पहिलं असेल.

प्रश्न : आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हणणाऱ्या, आरक्षणाला विरोध करणाऱ्या घुर्यांचं इतकं कौतुक कशाला? – एक कार्यकर्ता, नंदुरबार

दोन्ही आक्षेप खरे आहेत. आदिवासींमध्ये राहून अभ्यास करणारे व्हेरिअर एल्विन यांनी 1939 मध्ये मध्य भारतातल्या बैगा आदिवासींसाठी बाहेरच्यांपासून राखीव मुलूख सुचवला. घुर्यांनी 1943 च्या पुस्तकात त्याला उत्तर दिलं, आणि त्याच्या नावातच ‘तथाकथित’ आदिवासी असा शब्द होता. सावकार आणि जमीनदार यांनी केलेली लूट एकटं ठेवून थांबत नाही, हा त्यांचा मुद्दा आम्हाला आजही पटतो. ‘मागासलेले हिंदू’ हे उत्तर मात्र आदिवासींना न विचारता दिलेलं होतं. घुर्यांचा भर ग्रंथांवर होता, आणि पोथीतून पाहिलं की समाज वरून दिसतो.

पण याच विभागात मार्क्सवादी ए. आर. देसाई घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1946 मध्ये पीएच.डी. झाले, 1969 मध्ये विभागप्रमुख झाले आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांवर काम केलं. नीरा देसाईंनी स्त्रियांवरचा अभ्यास पुढे एसएनडीटी महिला विद्यापीठात नेऊन 1974 मध्ये संशोधन केंद्र उभारलं. तुमच्या आक्षेपाचं नेमकं रूप वाचायचं असेल तर पुणे विद्यापीठात शिकवलेल्या दिवंगत शर्मिला रेगे यांचं दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं काम (2006) घ्या. घुर्यांच्या पुस्तकांत कोण बोलतच नाही, ते तिथे कळतं.

प्रश्न : विभागातले जुने प्रबंध कुठे वाचता येतील? – नाशिक

आधी ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात शोधा, मात्र जुन्यांपैकी सगळे तिथे नाहीत. मग विद्यापीठाच्या कलिना आवारातलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. शोधताना लेखकाच्या आडनावाने शोधा, विषयाने नको; प्रबंधाचं आणि छापील पुस्तकाचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. संगव्यांचं जैन समाजावरचं पुस्तक 1959 चं, पण त्यामागचं संशोधन त्याआधीचं. घुर्यांच्या जातीवरच्या पुस्तकाचं नावही आवृत्तीगणिक बदललं आणि प्रकरणंही, तेव्हा उतारा घेताना आवृत्तीचं साल लिहाच. छोटे लेख ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात 1952 पासून आहेत. जाण्याआधी ओळखपत्र, महाविद्यालयाचं पत्र आणि प्रबंध बाहेर काढून ठेवायची विनंती दोन-तीन दिवस आधी पाठवा. नाहीतर पहिला दिवस चिठ्ठी भरण्यात जातो.